ग्वादियानाच्या काठाने पायी: ला मांचाच्या पाणथळींत पहिल्यांदा चालायला जाणाऱ्यांसाठी

स्पेनला गेलेली आपली मंडळी साधारणपणे माद्रिद, बार्सिलोना, सेविया आणि फार तर ग्रानादा करून परततात. माद्रिदहून सेवियाकडे निघालेली वेगवान गाडी तासाभरात स्युदाद रेआल स्टेशनाशी येते. खिडकीबाहेर तांबड्या मातीचा, द्राक्षमळ्यांनी भरलेला सपाट माळ दिसतो. इथे बघायला काय असणार, असं वाटून कुणी उतरत नाही. पण ला मांचा नावाच्या याच माळावर ग्वादियाना नदी पसरून पाणथळ होते. तिच्या खोऱ्यात चार हजार वर्षांपूर्वीची विहीर आहे, मुस्लिम राजवटीत वसवलेलं एक तटबंदीचं शहर आहे आणि एकाखाली एक उतरत जाणारी रुइदेराची तळी आहेत. चार-पाच दिवस हाताशी असतील तर हे सगळं पायी बघून होतं.

चढ-उतार जवळपास नाहीत. सह्याद्रीत एखादा किल्ला चढून आलेल्याला इथलं चालणं अगदी सोपं वाटेल. लोक अडकतात ते दुसऱ्याच गोष्टींत: चुकीचा महिना, न केलेलं आरक्षण, परतीला नसलेलं वाहन आणि दुपारी बंद असलेलं गाव. म्हणून पायऱ्या ज्या क्रमाने कराव्या लागतात त्याच क्रमाने लिहितो.

१. आधी पाणी बघा, मग तारीख धरा

ही पायरी गाळलीत तर बाकीची तयारी वाया जाऊ शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ताब्लास दे दाईमिएल हे राष्ट्रीय उद्यान १९७३ साली घोषित झालं. ग्वादियानाचं गोडं, बारमाही पाणी आणि सिग्वेला नदीचं मचूळ, हंगामी पाणी इथल्या सपाट जमिनीवर एकत्र पसरायचं. खोली थोडी, पसारा मोठा. पण १९५६ मध्ये ग्वादियानाकाठच्या दलदली कोरड्या करून शेतीखाली आणण्याचा कायदा झाला. पुढे सत्तरच्या दशकापासून बागायतीसाठी विहिरी आणि पंप इतके वाढले की भूजल खोल गेलं आणि ग्वादियानाला पाणी पुरवणारे झरे ऐंशीच्या दशकात आटले. २००९ मध्ये तर सुकलेल्या वनस्पतींचा जमिनीखालचा थर, ज्याला पीट म्हणतात, तो आपोआप पेटला आणि आतल्या आत धुमसत राहिला. बाहेरून पाणी आणून सोडावं लागलं. त्यानंतर चांगला पाऊस झाला आणि उद्यान पुन्हा भरलं.

आजही तसंच आहे. ओल्या वर्षांनंतर इथे क्षितिजापर्यंत पाणी असतं आणि कोरडी वर्षं लागोपाठ आली की लाकडी पूल भेगाळलेल्या जमिनीवरून जातात. जालावरचे सुंदर फोटो कुठल्या वर्षीचे आहेत हे कळत नाही, त्यावर विसंबू नका. विमानाचं तिकीट काढण्याआधी उद्यानाच्या माहिती केंद्राला ईमेल करा आणि सध्या किती भाग पाण्याखाली आहे ते विचारा. फोनवर एवढं एक वाक्य पुरतं: "आय आगुआ एन लास ताब्लास?", म्हणजे ताब्लासमध्ये पाणी आहे का.

उद्यान कोरडं असेल तर बेत रद्द करायची गरज नाही. दाईमिएल गावाजवळच नाबासेका नावाचं तळं आहे. गावाचं शुद्ध केलेलं सांडपाणी त्यात सोडतात, त्यामुळे दुष्काळातही ते भरलेलं राहतं आणि मोठं उद्यान सुकलं की पक्षी इथे गोळा होतात. निरीक्षणासाठी आडोसे बांधलेले आहेत. आल्कासार दे सान हुआन या रेल्वे जंक्शनच्या गावाजवळही तळी आहेत आणि तिथे फ्लेमिंगो दिसतात.

महिन्यांचं म्हणाल तर मार्चच्या शेवटापासून मे अखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हिवाळी पावसाचं पाणी उतरलेलं नसतं, पक्ष्यांची घरटी चालू असतात आणि हवा सुखाची असते. क्रौंचांचे थवे बघायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण तेव्हा पहाटे पारा शून्याखाली जातो आणि धुकं दहा-अकरापर्यंत हलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे चालायला जाऊ नका. तापमान चाळिशीपार जातं आणि वाटेवर सावली जवळपास नाही. 'आपल्याला उन्हाची सवय आहे' हा विचार इथे कामाचा नाही. मे महिन्यात भर दुपारी विदर्भातलं माणूस तरी कुठे माळावर फिरतं?

ईस्टरचा आठवडा आणि ६ व ८ डिसेंबरच्या सुट्ट्यांना जोडून येणारे दिवसही टाळा. खोल्या महाग होतात आणि रुइदेराला गाडी लावायला जागा मिळत नाही.

२. कागदपत्रं

शेंगेन गटातल्या, म्हणजे आपापसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या, युरोपीय देशाचा रहिवासी परवाना असणाऱ्या मराठी वाचकांनी पासपोर्ट आणि परवाना सोबत ठेवावा, वेगळा व्हिसा लागत नाही. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीच्या अखत्यारीत येतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हातात ठेवा, कारण हंगामात भेटीची वेळच लवकर मिळत नाही. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

जमवायची कागदपत्रं:

- दहा वर्षांच्या आत दिलेला पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा, सर्व शेंगेन देशांत चालणारा
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचे अलीकडच्या महिन्यांचे तपशील, आयकर विवरणपत्र
- नोकरीचं पत्र आणि मंजूर रजा, किंवा व्यवसायाचे कागद
- रोजचा कार्यक्रम सांगणारं एक पान

शेवटच्या कागदाकडे लक्ष द्या. दाईमिएल आणि रुइदेरा ही नावं नेहमीच्या पर्यटकांच्या यादीत नसतात. त्यामुळे कुठल्या गावी किती रात्री, तिथे काय बघणार आणि एका गावाहून दुसऱ्या गावी कसं जाणार, हे स्वच्छ लिहा. मुक्कामाचे पुरावे आणि हा कार्यक्रम एकमेकांशी जुळले पाहिजेत. विम्यात पायी भटकंती धरली आहे का, तेही बघून घ्या.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा आणि मूळ परवानाही सोबत न्या. स्पेनमध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. भाड्याच्या गाड्या बहुतेक मॅन्युअल गिअरच्या असतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षण करतानाच मागा.

३. मुक्काम आणि वाहन

माद्रिदच्या आतोचा स्टेशनावरून स्युदाद रेआल रेल्वेने साधारण एक तास. तिथून दाईमिएल तीसेक किलोमीटर. बस आहे, रेल्वेही आहे, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारी आणखी कमी. खरी अडचण दाईमिएलच्या पुढे सुरू होते. उद्यान गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे आणि तिथे जाणारी नियमित सार्वजनिक बस नाही. पर्याय तीन: भाड्याची गाडी, टॅक्सी किंवा सायकल. रस्ता सपाट असल्यामुळे सायकल चांगला पर्याय आहे, वारा नसेल तर.

टॅक्सी घेतलीत तर उतरण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवा आणि चालकाचा नंबर घ्या. छोट्या गावात टॅक्सी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यातली एकही मिळत नाही.

तिघं-चौघं असाल तर सरळ स्युदाद रेआलला गाडी घ्या. सगळा खर्च विभागून टॅक्सीपेक्षा स्वस्त पडेल आणि रुइदेराला जाणंही सोपं होईल. मुक्कामासाठी दोन-तीन रात्री दाईमिएल किंवा आल्माग्रो आणि एक-दोन रात्री रुइदेरा अशी वाटणी करा. आल्माग्रो जुनं, देखणं गाव आहे. सतराव्या शतकातलं नाट्यगृह तिथे अजून उभं आहे आणि त्यात प्रयोगही होतात. जुलैत तिथे मोठा नाट्यमहोत्सव असतो, तेव्हा खोली मिळण्याची आशा ठेवू नका. हॉटेलात पासपोर्टचे तपशील नोंदवून घेतात, तो तिथला कायदाच आहे.

४. वाटेवरच्या खुणा

स्पेनभर पायवाटांच्या रंगखुणा एकसारख्या आहेत, एकदा समजल्या की सगळीकडे कामाला येतात. पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, जीआर. पांढरा-पिवळा म्हणजे एक-दोन दिवसांची, पीआर. पांढरा-हिरवा म्हणजे दहा किलोमीटरच्या आतली स्थानिक वाट, एसएल. दोन समांतर पट्टे दिसले की सरळ चला, पट्टे वळवलेले असले की त्या बाजूला वळा, फुली दिसली की ही वाट आपली नाही.

ग्वादियानाच्या काठाने जीआर ११४ ही वाट जाते. ती रुइदेराच्या परिसरात सुरू होते आणि पोर्तुगालच्या सीमेवर आयामोंतेला संपते, लांबी हजार किलोमीटरहून जास्त. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिचे सलग टप्पे चालायचा हट्ट धरू नये. ला मांचातले टप्पे लांब आहेत, मध्ये पाण्याची सोय नाही आणि संध्याकाळी पोचाल त्या गावात खोली मिळेलच असं नाही. तिचे चांगले तुकडे निवडून चाला.

नकाशासाठी स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचं 'मापास दे एस्पान्या' हे अॅप विनामूल्य आहे. हवा तो भाग वाय-फायवर उतरवून ठेवा. वाटा शेतांमधून जातात, एक द्राक्षमळा दुसऱ्यासारखाच दिसतो आणि खुणेचा खांब ट्रॅक्टरच्या धक्क्याने पडलेला असू शकतो.

आणि एक इशारा. शेतांच्या कडेला काळ्या-पांढऱ्या छोट्या पाट्या आणि 'कोतो प्रिवादो दे कासा' असे शब्द दिसतील. ते खाजगी शिकारीचं क्षेत्र आहे. ला मांचा तित्तिरांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध आहे आणि शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत, विशेषतः सुट्टीच्या सकाळी, बंदुका घेतलेली माणसं शेतात असतात. सार्वजनिक वाटेवरून चालण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण वाट सोडून आडवं जाऊ नका आणि अंगात भडक रंगाचं काहीतरी असू द्या. मेंढ्यांच्या कळपाशी मोठे राखणदार कुत्रे असतात. कळपातून वाट काढू नका, लांबून वळसा घाला.

५. सामान

थोडक्यात: रुंद काठाची टोपी, दोन लिटर पाणी प्रत्येकी, सनस्क्रीन, डासांचं मलम, वाऱ्यासाठी पातळ जॅकेट, आणि घोटा झाकणारे जुने बूट. नवे बूट नकोत. पाऊस पडून गेला असेल तर इथली चिकणमाती तळव्याला थर देऊन चिकटते, म्हणून मोज्यांचे जोड जास्त घ्या. गावातल्या कारंज्याच्या तोटीवर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

दुर्बीण मात्र आणाच. भिगवण किंवा नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहिलेल्यांकडे ती असेलच. ८×४२ पुरेशी आहे. तिच्याशिवाय इथे आलात तर निम्मं बघायचं राहून जाईल.

६. पहिला दिवस: ताब्लास दे दाईमिएल

प्रवेश विनामूल्य आहे. माहिती केंद्रापासून तीन छोट्या वाटा फुटतात: इस्ला देल पान, लागुना पेर्मानेन्ते आणि तोर्रे दे प्रादो आंचो. तिन्ही मिळून सुद्धा अर्ध्या दिवसाचं चालणं आहे. वेळ कमी असेल तर इस्ला देल पान निवडा. लाकडी पुलांवरून एका बेटावरून दुसऱ्यावर जाणारी ही गोल वाट दोनेक किलोमीटरची आहे आणि पाणथळीच्या पोटातून नेते.

अंतर थोडं म्हणून तासाभरात उरकू नका. पुलाच्या कडेला बसा. एका बाजूला उंच बोरू असतो, दुसरीकडे मासिएगा नावाचं लव्हाळं. त्याच्या पात्याला हात लावायचाच असेल तर बुंध्याकडून टोकाकडे फिरवा, उलटा फिरवलात तर बोट कापेल, इतक्या बारीक करवती दात्यांची कड आहे. पूर्वी या भागात छपरं शाकारायला हेच गवत वापरत. 'ताराय' म्हणजे झाऊची झाडं पाण्यात पाय रोवून उभी असतात. गप्प बसून राहिलात की बोरूतून जांभळी पाणकोंबडी बाहेर येते, एक कोवळा दांडा उपटते, माणसाने कणीस धरावं तसा लांब बोटांच्या पायात धरते आणि सोलून आतला गर खाते. आकाराने कोंबडीएवढी, पण चोच आणि कपाळ लालभडक.

इथला मानाचा पक्षी आहे मोठी लालसरी. नराचं डोकं नारिंगी आणि चोच लाल. हेच बदक हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या जलाशयांवर येतं, पण आपल्याकडे ते पाहुणं असतं. ताब्लासमध्ये त्याची वीण होते, त्यामुळे मे महिन्यात मादीमागे पिल्लांची रांग बघायला मिळू शकते. याशिवाय जांभळा बगळा, शेंडीवाली टिबुकली, बोरूवर घिरट्या घालणारा भोवत्या. निरीक्षणाच्या आडोशात बोलू नका आणि दार आपटू नका. स्थानिक पक्षीप्रेमी तासन्‌तास बसलेले असतात.

वेळ सूर्योदयाची किंवा सूर्यास्ताची. इथे एक गंमत लक्षात ठेवा: मध्य स्पेनमध्ये डिसेंबरात साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो. 'पहाटे सहाला निघू' हा आपला हिशेब हिवाळ्यात अडीच तास अंधारात बसवतो. क्रौंच बघायचे तर संध्याकाळी, ते शेतातून चरून पाण्याकडे परततात तेव्हा.

बाहेर पडताना मोलेमोचोची पाणचक्की बघा. ला मांचाच्या पवनचक्क्या जगाला माहीत झाल्या, पण ग्वादियानावर धान्य दळणाऱ्या अशा पाणचक्क्या शतकानुशतकं चालत होत्या. नदीला किती जोर होता याचा तो दगडी पुरावा आहे.

७. दुसरा दिवस: मोतिया देल आसुएर

सगळ्या सहलीत आधी आरक्षण करावं असं ठिकाण एकच, आणि ते हे. दाईमिएलजवळ आसुएर नदीच्या मैदानात कांस्ययुगातला एक गोलाकार दगडी कोट आहे. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास बांधला आणि आठशे वर्षांच्या आसपास वापरात राहिला. मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत. भेटी दाईमिएलच्या संग्रहालयामार्फत ठरतात, बहुतेक वेळा शनिवार-रविवारी, आणि जागा मर्यादित. आधी न ठरवता गेलात तर कुंपणाबाहेरून मातीचा उंचवटा बघून परत यावं लागेल.

आत एकात एक भिंती आहेत, मधोमध उंच बुरूज आणि दोन भिंतींमधून जेमतेम एक माणूस जाईल अशा बोळी. धान्याची कोठारं, भट्ट्या, घरांखाली पुरलेले मृत. आणि पूर्वेकडच्या चौकात विहीर. वरच्या काठाशी ती ऐसपैस आहे, खाली टप्प्याटप्प्याने दगडी बांधणीत अरुंद होत जाते, चौदा मीटरहून खोल. आयबेरियन द्वीपकल्पातली माहीत असलेली ही सर्वांत जुनी विहीर. त्या काळी मोठा, दीर्घ दुष्काळ पडला होता. नद्या आटल्या तेव्हा लोकांनी भूजल गाठलं आणि त्याभोवती कोट बांधला, असं संशोधकांचं मत आहे. आदल्या दिवशी ताब्लास बघून इथे आलात तर या विहिरीच्या काठावर उभं राहून बरंच काही समजतं. ज्या भूजलाने त्या लोकांना तारलं, त्याच खोऱ्यातल्या भूजलाच्या उपशाने आपल्या डोळ्यांदेखत पाणथळ सुकली. म्हणून माझा आग्रह आहे: ताब्लास आधी, मोतिया नंतर.

बोळी अरुंद आणि पायऱ्या ओबडधोबड आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांना आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या.

८. नदीकाठचं शहर: कालात्रावा ला बिएखा

कार्रिओन दे कालात्रावा गावापासून काही किलोमीटरवर, ग्वादियानाच्या डाव्या काठाला, भिंती आणि बुरूज उभे आहेत. गावातून शेतरस्त्याने चालत जाता येतं, परतीसह अर्धा दिवस धरा. कोर्दोबा ते तोलेदो हा मोठा मार्ग इथून जायचा. नवव्या शतकात, ८५३ नंतर, कोर्दोबाच्या अमीराने हे शहर नव्याने बांधलं. एका बाजूला नदी आणि उरलेल्या तीन बाजूंना नदीचंच पाणी वळवून भरलेला खंदक. आपल्याकडचे भुईकोट बघितलेल्यांना ही रचना लगेच कळेल. पाणी वर उचलून शहरात आणण्यासाठी नदीत पुढे काढलेल्या भिंती आणि मनोरे होते, त्यांचे अवशेष नीट बघा. बरेच जण दरवाजा आणि चर्च बघून परततात आणि हेच राहून जातं.

इतिहास थोडक्यात: ११४७ मध्ये कास्तियाच्या ख्रिस्ती राजाने हे शहर जिंकलं. राखण्याची जबाबदारी घेतलेल्या टेम्पलर योद्ध्यांनी ती सोडली, तेव्हा ११५८ मध्ये फितेरोच्या मठाधिपतीने, राइमुंदोने, ती उचलली. त्यातून कालात्रावा हा संन्यासी-योद्ध्यांचा पंथ जन्मला. ११९५ मध्ये शहर पुन्हा गेलं, १२१२ मध्ये परत मिळालं, आणि १२१७ मध्ये पंथाने आपलं मुख्य ठाणं दक्षिणेला डोंगरावरच्या कालात्रावा ला नुएबाला हलवलं. गाडी असेल तर तेही बघा.

११९५ ची लढाई झाली ती जागा, आलार्कोस, स्युदाद रेआलच्या पश्चिमेला टेकडीवर आहे, ग्वादियानाच्या वर. राजा आठवा आल्फोन्सो तिथे शहर उभारत होता. तट अर्धवट असतानाच अल्मोहादांचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम राजवटीचं, सैन्य आलं. पायथ्याकडून चढायला थोडाच वेळ लागतो आणि वरून खोऱ्याचा आकार समजतो.

दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असण्याची शक्यता धरा आणि दुपारी मध्येच बंद होतात हेही. वेळा ऋतूनुसार बदलतात, आदल्या दिवशी खात्री करा.

९. रुइदेराची तळी

दाईमिएलहून गाडीने सव्वा तास. १९७९ पासून संरक्षित असलेल्या या भागात पंधरा-सोळा तळी वीसेक किलोमीटरच्या दरीत ओळीने उतरतात. पाण्यात विरघळलेला चुना साचून नैसर्गिक बांध तयार झाले, त्यांनी तळी अडवली, आणि एका तळ्याचं पाणी बांधावरून किंवा त्यातून झिरपून खालच्यात पडतं. पाण्याचा रंग निळा-हिरवा, तळ दिसेल इतकं स्वच्छ. ओल्या वर्षी सगळीकडे धबधबे, कोरड्या वर्षी एल उंदिमिएंतोचाही बारीक होतो.

पहिल्या दिवशी गावातून या धबधब्यापर्यंतची छोटी वाट करा, मग लागुना देल रेईच्या काठाने वरच्या तळ्यांकडे. काही भाग डांबरी रस्त्याला लागून आहे, तिथे गाड्यांकडे लक्ष द्या. दुसऱ्या दिवशी सान पेद्रो तळ्यापासून रोचाफ्रिदा किल्ल्याचे अवशेष आणि मोंतेसिनोसची गुहा असा अर्ध्या दिवसाचा फेरा चांगला. थेरवान्तेसच्या 'डॉन किहोते'च्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात नायक दोरीने याच गुहेत उतरतो आणि वर येऊन सांगतो की ग्वादियाना हा खरा एक सेवक होता, रुइदेरा ही एक बाई होती, आणि जादूगाराने त्यांची नदी व तळी केली. गुहेत एकट्याने उतरू नका. आत ओलसर आणि निसरडं आहे. हेल्मेट आणि विजेरी देणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकाबरोबर जा.

पोहायचं तर परवानगीच्या जागीच. चुन्याचे बांध चालण्यासाठी नाहीत, ते ठिसूळ असतात आणि तुटले की पुन्हा व्हायला शतकं लागतात. फोटोसाठी त्यावर चढलेले लोक दिसतील, तुम्ही चढू नका.

१०. जेवण

गावातली स्वयंपाकघरं दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर उघडी असतात. मधल्या वेळेत दुकानंही बंद, रविवारी तर दिवसभर. म्हणून पाव, चीज, फळं आणि सुका मेवा शनिवारीच घेऊन ठेवा.

शाकाहारींनी 'सोय वेहेतारियानो' एवढंच सांगून थांबू नये, बाईने म्हणायचं तर 'वेहेतारियाना'. पुढे जोडा: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून." मांस, हॅम, मासा आणि ट्यूना वेगवेगळे सांगावे लागतात, कारण मिश्र सॅलडवर ट्यूना आणि भाजीत हॅमचे तुकडे ही नेहमीची गोष्ट आहे. भरवशाचे पदार्थ: पिस्तो, म्हणजे टोमॅटो, मिरची, कांदा आणि दुधी-काकडीच्या जातीच्या भाजीचा रस्सा, अंडं नको असेल तर आधी सांगा. आसादियो, म्हणजे भाजलेल्या लाल ढोबळी मिरच्या. आणि आल्माग्रोची लोणच्यातली छोटी वांगी, शिरका, लसूण आणि जिऱ्यात मुरवलेली. ती खाऊन घरची आठवण येईल, बाटली सोबत घ्याच.

गाचास नावाचा पिठल्यासारखा पदार्थ इथे थंडीत करतात. त्याचं पीठ आल्मोर्ताचं, म्हणजे विदर्भात ओळखीच्या लाखोळीचं. पण त्यात डुकराची चरबी असते, शाकाहारींनी नुसतं बघावं.

११. अडचण आली तर

आणीबाणीचा नंबर ११२, सगळ्यांसाठी एकच, सिमकार्ड नसलं तरी लागतो. जागा सांगता यावी म्हणून नकाशातले अक्षांश-रेखांश वाचायला आधीच शिका. सकाळी हॉटेलात कुठे जाणार आणि कधी परतणार ते सांगून निघा. हवामानासाठी स्पेनच्या सरकारी संस्थेचं, आएमेतचं, पान रोज बघा. उष्णतेचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी संग्रहालय करा.

१२. दिवस असे बसवा

मोतियाची भेट शनिवारी मिळवा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती मांडा. गुरुवारी संध्याकाळी दाईमिएलला पोचा, शुक्रवारी पहाटे ताब्लास आणि दुपारनंतर नाबासेका. शनिवारी सकाळी मोतिया, संध्याकाळी उजेड असेल तर आल्माग्रो. रविवारी लवकर कालात्रावा ला बिएखा, मग आलार्कोस, आणि सुट्टीवरची गर्दी माद्रिदकडे परतत असताना तुम्ही रुइदेराला जा. सोमवारी ऐतिहासिक स्थळं बंद असतात, तळी उघडीच असतात आणि काठही मोकळे मिळतात. मंगळवारी सकाळी गुहा करून दुपारच्या गाडीने माद्रिद गाठता येतं.